कॉम्पॅक्ट फलनांच्या विस्तारासाठी हायपरकॉन्व्हेक्स अवकाश लागतोच असे नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील एम.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्यांमध्ये एक टिपण फिरत आहे. त्यात म्हटले आहे की, १-लिप्शित्झ फलन (बिंदूंमधील अंतर न वाढवणारे) स्थिरांक न वाढवता मोठ्या मेट्रिक अवकाशावर विस्तारायचे तर लक्ष्य-अवकाश हायपरकॉन्व्हेक्सच हवा, म्हणजे ज्यांच्या केंद्रांमधील अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा जास्त नाही अशा कितीही बंद गोलांना त्यात सामाईक बिंदू हवा. सी-नॉट, म्हणजे शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकांचा अवकाश (अंतर म्हणजे पदांमधील सर्वांत मोठा फरक), तसा नसल्याने तेथे कॉम्पॅक्ट फलनेही, म्हणजे ज्यांच्या प्रतिमेचे संवरण (सीमाबिंदूंसह संच) कॉम्पॅक्ट असते अशी फलनेही, विस्तारत नाहीत. आणि अडचण येते ती केवळ अनंत गोलांमुळे.

सर्व फलनांपुरते पहिले विधान बरोबर आहे. अरोन्झाय्न आणि पानिचपाकडी यांनी ते १९५६ मध्ये सिद्ध केले. सी-नॉटमधील एकक क्रमिकांभोवती (एक पद १, बाकी सर्व ०) १/२ त्रिज्येचे बंद गोल घेतले, तर ते दोन-दोन छेदतात. पण सर्वांत सामाईक असलेल्या क्रमिकेचे प्रत्येक पद किमान १/२ असावे लागेल, म्हणून तशी क्रमिका सी-नॉटमध्ये नाही.

मात्र या एकक क्रमिकांच्या संचाचे संवरण कॉम्पॅक्ट नाही, त्यामुळे दुसरे विधान यातून निघत नाही. किंबहुना ते चूकच आहे. ज्याच्या प्रतिमेचे संवरण कॉम्पॅक्ट आहे असे १-लिप्शित्झ फलन सी-नॉटमध्ये जात असेल, तर त्याच्या n-व्या घटकाची निरपेक्ष किंमत सर्वत्र aₙ या संख्येपेक्षा जास्त नसते आणि aₙ शून्याकडे जाते. मॅकशेन यांच्या १९३४ च्या प्रमेयाने प्रत्येक घटक त्याच स्थिरांकाने विस्तारावा, मग त्याच्या किमती −aₙ ते aₙ यांच्यात छाटाव्यात. छाटल्याने स्थिरांक वाढत नाही आणि तयार झालेले फलन कॉम्पॅक्ट संचातच राहते. एवढी छोटी सिद्धता हाताशी असताना विद्यार्थ्यांनी चुकीचे विधान पाठ करावे, हे मला खटकते.

तिसरे विधान प्रतलातच कोसळते. बाजू २ असलेल्या समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंभोवतीच्या १ त्रिज्येच्या तीन वर्तुळाकार चकत्या दोन-दोन स्पर्श करतात, पण तिन्हींना सामाईक बिंदू नाही. म्हणून या तीन बिंदूंना प्रत्येकापासून १ अंतरावरचा चौथा बिंदू जोडून केलेल्या मेट्रिक अवकाशावर प्रत्येक शिरोबिंदू जागच्या जागी ठेवणारे त्यांचे प्रतलातील फलन, कॉम्पॅक्ट असूनही, स्थिरांक न वाढवता विस्तारत नाही.

सांत गोलांची अट किती तपासायची, हे वास्तव बानाख अवकाशांसाठी (नॉर्म, म्हणजे लांबीचे माप, असलेले पूर्ण सदिश अवकाश) लिंडेनस्ट्रॉस यांनी १९६४ मध्ये ठरवले: परस्पर छेदणाऱ्या कोणत्याही चार बंद गोलांना सामाईक बिंदू असेल, तर कितीही सांत गोलांना तो असतो, आणि कॉम्पॅक्ट रेषीय फलने (ज्यांत एकक गोलाच्या प्रतिमेचे संवरण कॉम्पॅक्ट असते) नॉर्ममध्ये हवी तितकी कमी वाढ करून विस्तारतात. तीन गोल तपासून भागत नाही. त्रिमितीय अवकाशात घटकांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज हे नॉर्म घेतल्यास कोणत्याही तीन गोलांना अडचण येत नाही. पण (१, १, १), (१, -१, -१), (-१, १, -१), (-१, -१, १) यांच्यातील परस्पर अंतर ४ असूनही त्यांच्याभोवतीच्या २ त्रिज्येच्या गोलांना सामाईक बिंदू नाही, कारण कोणत्याही बिंदूपासून या चौघांच्या अंतरांची बेरीज किमान १२ असते आणि सामाईक बिंदूसाठी ती ८ च्या आत हवी.