जुन्या सर्व्हरला भंगार म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून घेतलेल्या रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) डेल आर७२० सर्व्हरवर महिन्याचा स्टॉक रिपोर्ट निघायला ऑफिसातल्या आय५ पीसीच्या दुप्पट वेळ लागतो, आणि वीस कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) सांगून आम्ही भंगार गळ्यात मारलं, असं तुम्ही लिहिलंय. दुप्पट वेळ लागतो यावर वादच नाही, पण भंगार हे मला अजिबात मान्य नाही.

तुमच्या सर्व्हरमध्ये दोन झिऑन ई५-२६८० व्ही२ आहेत, इंटेलचे २०१३ चे सर्व्हर प्रोसेसर, प्रत्येकी दहा कोअर, टर्बोला म्हणजे जास्तीत जास्त वेगाला ३.६ गिगाहर्ट्झ. पीसीत आय५-१२४०० आहे, २०२२ चा, कोअर सहाच पण टर्बो ४.४, शिवाय नवा कोअर क्लॉकच्या एका ठोक्यातच जास्त काम उरकतो, त्यामुळे कोअरला कोअर लावून बघितलं तर नवा जवळपास दुप्पट पडतो. आणि तुमचं सॉफ्टवेअर रिपोर्ट काढताना एकच थ्रेड (कामाची एकच रांग) वापरतं, वीस हमाल उभे केले तरी पोतं एकच असेल तर उचलणार एकच जण. रिपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, एकूण सीपीयू ३ टक्क्यांच्या आसपास दिसेल, कारण एका कोअरचे दोन असे एकूण ४० थ्रेड, त्यातला एकच पळतोय.

दुसरं म्हणजे डिस्क. सर्व्हरला तुम्ही तुमच्याकडच्याच जुन्या १०के सॅस डिस्क (मिनिटाला दहा हजार फेरे घेणाऱ्या सर्व्हरच्या हार्ड डिस्क) लावल्यात, अशी एक डिस्क सेकंदाला दीडशेच्या आसपास रँडम रीड (इथून-तिथून डेटा वाचणं) करते, साधी साटा एसएसडी हजारोंनी करते, आणि पीसीत तर त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडी आहे. मग तुलना नुसती प्रोसेसरची राहिलीच कुठे?

खरं सांगायचं तर दोन्ही झिऑन फुल्ल लोडवर पळवले तरी एका आय५-१२४०० च्या फार पुढे जात नाहीत, आणि वीजही जास्त खातात, सरासरी दीडशे वॅट धरले तरी २४ तास चालू ठेवून महिन्याला १०८ युनिट. तरी लोक हे मशीन घेतात ते रॅमसाठी. २४ स्लॉट आहेत, ईसीसी (रॅममधल्या चुका आपोआप सुधारण्याची सोय) आहे, आणि जुनी डीडीआर३ रॅम स्वस्तात मिळते, तुमच्या पीसीच्या प्रोसेसरला इंटेलने दिलेली मर्यादा १२८ जीबी आहे आणि ईसीसी त्याला चालत नाही. वर दोन पॉवर सप्लाय, चालू मशीनमधून डिस्क काढता येते, आयड्रॅकवरून (डेलची सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) घरबसल्या बंद-चालू करता येतं. सात-आठ व्हीएम (एकाच मशीनमध्ये चालणारे आभासी कॉम्प्युटर) दिवसरात्र चालवायच्या असतील तर आजही मी हेच देईन, एका रिपोर्टसाठी मात्र नवा पीसीच घ्या म्हणेन.

तर असं करू, डेटाचा बॅकअप घेऊन दुकानात या, तुमच्यासमोर आर७२० ला एसएसडी लावून तोच रिपोर्ट काढू आणि वेळ बघू. तेवढ्याने भागलं नाही तर सर्व्हर परत घेतो, त्या पैशात नवा पीसी बांधून देतो, वरचा फरक काय तो बघू. फक्त आधी फोन करा म्हणजे टेबलावर एक मशीन मोकळं ठेवतो.