भाकड गायीचा हिशेब कोण ठेवणार?

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या आमच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या देशी गायीवरून वाद पेटला आहे. त्यात एका मित्राने मला उद्देशून लिहिले, "तुमच्याकडे गाय म्हणजे मांसाचे यंत्र. तिने किती वर्षे जगावे, तिचा वंश कसा वाढावा, याची काळजी आपल्याकडेच केली जाते." हे वाक्य मला फार लागले, कारण गायीने किती वर्षे टिकावे आणि किती वेळा व्यावे, याच प्रश्नावर मी ऑस्ट्रेलियातल्या मध्य क्वीन्सलंडमध्ये रोज काम करतो.

मांसासाठी कळप पाळणाऱ्या इथल्या पशुपालकाला गायीच्या वजनाहून तिच्या वेतांची चिंता अधिक असते. गाभणकाळ सुमारे २९० दिवसांचा असल्यामुळे दर वर्षी वासरू हवे असेल, तर व्यायल्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, अंगावर वासरू पीत असतानाच, तिने पुन्हा गाभण राहावे लागते. पहिलारू गायीला हे सर्वांत जड जाते. रॉकहॅम्प्टनजवळच्या बेलमाँट संशोधन केंद्रात अशा गायी एकामागून एक क्रशमध्ये, म्हणजे जनावर स्थिर धरणाऱ्या लोखंडी चौकटीत, घेतात. वासरू बाहेर हंबरत राहते आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बीजांडकोशात पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) दिसतो का, म्हणजे गाय माजाच्या चक्रात परतली का, हे पाहिले जाते.

गाय उलटू लागली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागली, की आमच्या गटावरची शिकलेली मंडळीसुद्धा खुराक, खनिज मिश्रण आणि नशीब यांच्यापुढे जात नाहीत. त्यांचे अर्धे बरोबर आहे. दोन वेतांतील अंतराची आनुवंशिकता, म्हणजे गायी-गायींमधल्या फरकातला वंशातून आलेला वाटा, खरोखरच कमी, साधारण दहा टक्क्यांच्या आत असते, कारण त्या आकड्यात पाऊस, चारा आणि वळू कधी सोडला हे सगळे मिसळलेले असते. परंतु पहिल्या वेतानंतर माज परत यायला लागणारा काळ असा थेट मोजला, तेव्हा ब्राह्मन जातीच्या गायींमधल्या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक निघाला. ही ब्राह्मन जात अमेरिकेत घडली ती गुजरातच्या कांकरेज आणि गीर, आंध्रच्या ओंगोल आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाखोरे गुरांपासून. ऑस्ट्रेलियात ती १९३३ साली आली. आपल्याच मातीतल्या रक्ताचा असा बारकाईने अभ्यास परक्यांनी केला, याची खंत मला गटावर कोणाच्याही लिहिण्यात दिसली नाही.

इथे तपासणीत रिकामी, म्हणजे गाभण नसलेली, निघालेली गाय कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढते, हे मी लपवत नाही. नियमित विणारी मात्र दहा-बारा वर्षांची होईपर्यंत कळपात राहते. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्या कायद्याखाली आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित करून गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. या श्रद्धेचा मला आदर आहे. पण जिथे भाकड गाय मरेपर्यंत सांभाळायची आहे, तिथे भाकड गायी कमीत कमी जन्माव्यात म्हणून वंशनिवड, म्हणजे नियमित विणाऱ्या गायींचाच वंश पुढे वाढवणे, करण्याची गरज क्वीन्सलंडपेक्षा कितीतरी जास्त नाही का? कानात बारा अंकी बिल्ला आता आपल्याकडेही आहे. त्या क्रमांकासमोर प्रत्येक वेताची तारीख चढली, तरी कामाला सुरुवात होईल.

पुण्याला आलो की नातेवाइकांना मी पशुसंवर्धनात आहे एवढेच सांगतो. कळप शेवटी कुठे जातो हे कोणी विचारत नाही आणि मीही त्या विषयाला हात घालत नाही. रॉकहॅम्प्टनजवळच्या ग्रेसमियरच्या गुरांच्या बाजारात वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी दिसली की ही आमची जनावरे आहेत असे सांगावेसे वाटते, आणि ज्यांना त्याचे अप्रूप वाटेल ती माणसे त्या वेळी पुण्यात झोपलेली असतात.

गटावरच्या त्याच मित्राच्या सासवडजवळच्या गोठ्यात खिल्लार गायी आहेत. दर वर्षी न चुकता विणाऱ्या कोणत्या, असे विचारताच त्याने क्षणाचाही विचार न करता दोघींची नावे सांगितली. वळू म्हणून मात्र त्याने शर्यतीत पळणाऱ्या बैलाच्या वंशातला खोंड राखला आहे, आणि त्या दोघींचे खोंड बाजारात गेले आहेत. त्यांच्या पुढच्या वेताला खोंड झाला तर तो विकू नकोस, असे मी त्याला कळवले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.