फुंकर

६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीपर्यंत दोनशेच्या वर मेसेज पडले. त्यात लताबाईंची गाणी तीन. बाकी सगळं भांडण.

मी राहते त्या डब्लिनमध्ये तेव्हा अजून उजाडलंही नव्हतं. आईचा फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण बाबांचं नुकतंच एक ऑपरेशन झालं होतं. "लताबाई गेल्या गं," ती म्हणाली, आणि मला चक्क हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून खातं मला. आई रडत होती आणि मी मनात म्हणत होते, चला, बाबा ठीक आहेत.

जानेवारीपासून त्या ब्रीच कँडीत होत्या, वय ९२, कोविड. बातमी अनपेक्षित नव्हती. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा, सोमवारी राज्यात सुट्टी, संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार. आमच्याकडे ती दुपारची जेवायची वेळ. मी लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवून बघत बसले होते. ज्या मैदानाच्या कट्ट्यावर बाबा रोज सकाळी बसतात ते मैदान साडेसात हजार किलोमीटरवरून बघताना मी लताबाईंपेक्षा मागच्या झाडांकडेच जास्त बघत होते, हेही सांगून टाकते.

शाहरुख खान आला. त्याने दोन्ही तळवे वर धरून दुआ मागितली, शेजारी त्याची मॅनेजर हात जोडून उभी होती. मग मास्क खाली करून त्याने फुंकर घातली, पाया पडला, हात जोडले. अर्ध्या तासात आमच्या काकांचा मेसेज आला: "हा थुंकला का?" काकांनी तो स्वतः लिहिला नव्हता, कुठून तरी आलेला पुढे ढकलला होता. एका राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्यानेही हाच प्रश्न जाहीरपणे विचारला होता, म्हणजे काका एकटे नव्हते. मी उत्तर दिलं. लांबलचक दिलं. त्यात 'मूर्खपणा' हा शब्द होता. आत्या ग्रुप सोडून गेली, ती पुढे गणपतीत परत आली.

आता इतकी वर्षं झाल्यावर त्या उत्तराची मला लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने. काकांना सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्याकडे होती आणि ती सोडून मी त्यांना धर्मनिरपेक्षतेवर व्याख्यान दिलं. गोष्ट अशी: मी पाच-सहा वर्षांची असताना मला एकदा लागोपाठ ताप यायचा. आजी, म्हणजे काकांचीच आई, सोवळ्यातला स्वयंपाक करणारी बाई, मला कडेवर घेऊन संध्याकाळी माहीमच्या दर्ग्याच्या दारात उभी राहायची. आजूबाजूला अशाच बायका, कुणाच्या हातात पाण्याचा पेला, कुणाच्या खांद्यावर मूल. नमाज आटोपून माणसं बाहेर यायची आणि जाता जाता एकेका पोरावर, एकेका पेल्यावर फुंकर घालायची. तोंडाला अत्तराचा आणि पानाचा वास यायचा. आजी घरी येऊन पुन्हा मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढायची, म्हणजे दोन्हीकडचा विमा. त्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते हे दादर-माहीमच्या माणसाला सांगावं लागत नाही. काकांना तर नाहीच.

आणि फुंकर हा शब्द आपलाच की. ढोपर फुटलं की आई फुंकर घालते. जखमेवर फुंकर घालणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून द्यायची वेळ यावी, तीसुद्धा लताबाई समोर निजलेल्या असताना!

दुसरं भांडण स्मारकाचं. भाजपचे आमदार राम कदम यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंना पत्र लिहिलं की, अंत्यसंस्कार झाले तिथेच, शिवाजी पार्कवर, स्मारक व्हावं. मैदान खेळायला राहू द्या, असं प्रकाश आंबेडकरही म्हणाले आणि मनसेचे संदीप देशपांडेही; एरवी ही दोन नावं एका वाक्यात यायची नाहीत. शेवटी हृदयनाथ मंगेशकरांनाच सांगावं लागलं की हे राजकारण थांबवा, संगीताचं विद्यालय हेच दीदींचं स्मारक. घरात सुतक असताना घरच्या माणसाने बाहेरच्यांना शांत करायचं, हा आपल्याकडचा रिवाजच झालाय. या वादात माझं मत बाबांचं मत: मैदान आहे, मैदान राहू दे. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरा वाद मात्र वादच होता, बाकीचे दोन नुसते कलकलाट. लताबाईंनी बाबासाहेबांवरचं गाणं का गायलं नाही, सावरकरांच्या कवितांना मंगेशकरांचा आवाज मिळाला तसा भीमगीतांना का नाही, असं काही जणांनी त्याच दिवशी विचारलं. माझ्या एका जुन्या कॉलेजमैत्रिणीनेही विचारलं. तिच्या आजोबांनी भीमजयंतीला गल्लीत ढोलकी वाजवत आयुष्य काढलं. तिला हा प्रश्न पडणारच. तिला मिळालेल्या उत्तरांपैकी शिव्या वगळल्या तर उरलेलं सभ्य उत्तर एकच होतं: "आजचा दिवस नाही हा." मीही तिला तेच लिहिलं होतं. तिने विचारलं, "मग कुठला?" मी काही कळवलं नाही. खरंच कुठला? त्या हयात असताना विचारलं तर उद्धटपणा, गेल्या त्या दिवशी विचारलं तर कृतघ्नपणा, वर्षाने विचारलं तर उकरून काढणं.

इथे माझं परदेश मधे येतं.

२६ जुलै २०२३ ला शिनेड ओ'कॉनर लंडनमध्ये गेली. वय ५६. आयर्लंडची ही गायिका आपल्याकडे फारशी माहीत नाही. १९९० चं तिचं एक गाणं जगभर गाजलं, ते मूळ प्रिन्सने लिहिलेलं. पण इथल्या लोकांना ती आठवते ती ३ ऑक्टोबर १९९२ साठी. अमेरिकन टीव्हीवर थेट प्रक्षेपणात तिने पोपचा फोटो टराटरा फाडला. चर्चमधल्या लोकांनी मुलांवर केलेले अत्याचार दडपले जातात, हे तिचं म्हणणं. तेरा दिवसांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांनी इतकी हुर्यो उडवली की ठरलेलं गाणं तिला गाता आलं नाही. आयर्लंडमध्ये 'पडलेल्या' मुलींना कोंडून कपडे धुवायला लावणाऱ्या मॅग्डलेन लाँड्रींपैकी शेवटची १९९६ ला बंद झाली आणि मुलांवरच्या अत्याचारांचे मोठे सरकारी अहवाल यायला २००९ उजाडलं. म्हणजे बाई सतरा वर्षं आधी खरं बोलली आणि तितकी वर्षं वेडी ठरली. २०१८ ला तिने इस्लाम स्वीकारला, शुहदा हे नाव घेतलं. तेव्हाही लोक हसले.

८ ऑगस्टला डब्लिनजवळच्या ब्रे गावात समुद्राकाठच्या तिच्या जुन्या घरावरून अंत्ययात्रा जाणार होती. ज्यांना निरोप द्यायचाय त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहावं, असं घरच्यांनी कळवलं होतं. मी अर्धी सुट्टी टाकून डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, गेले. तिची गाणी मला चार-पाचच येतात. कुतूहल म्हणून गेले, आणि थोडी शिवाजी पार्कची भरपाई म्हणून. गर्दी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पुढे एक जुनी फोक्सवॅगन कँपर व्हॅन, छपरावर कर्णा, त्यातून बॉब मार्लीची गाणी. मागे शववाहिनी. ती घरासमोर आली तशी लोक टाळ्या वाजवायला लागले. अंत्ययात्रेत टाळ्या! माझे हात उठेनात. माझ्या बाजूला घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन आलेल्या एक आजी टाळ्या वाजवता वाजवता म्हणाल्या, "आमच्या घरी हिचं नाव काढायची सोय नव्हती. मीच काढू द्यायचे नाही." आणि डोळे पुसून पुन्हा टाळ्या.

त्याआधी खासगी अंत्यविधीत एका इमामांनी जनाज्याची नमाज पढवली होती. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान हजर होते. ज्या देशात आजही निम्म्याहून अधिक लोक स्वतःला कॅथलिक म्हणवतात, तिथल्या सगळ्यात लाडक्या-नावडत्या गायिकेला मुस्लिम पद्धतीने निरोप दिला गेला आणि निदान त्या गर्दीत कुणी कुणाच्या ओठांकडे, हातांकडे टक लावून बघत नव्हतं. काहींनी क्रूसाची खूण केली. मी नमस्कार केला. आजींनी थर्मासमधला चहा पुढे केला.

हे लिहिताना मला माझाच संशय येतो. परदेशातून लिहिणाऱ्यांचा हा जुना धंदा आहे: तिकडची एक दुपार उचलायची आणि इकडच्यांच्या डोक्यात मारायची. म्हणून पुढचंही सांगते. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, एका शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला आणि हल्लेखोर परदेशी आहे एवढ्या कुजबुजीवर याच डब्लिनमध्ये लोकांनी बस आणि ट्राम पेटवल्या. त्या रात्री मी मैत्रिणीकडे राहिले, कारण गाड्या बंद होत्या आणि माझा रंग गव्हाळ आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. ब्रेच्या कडेला उभे असलेले आणि बस पेटवणारे हे वेगळे लोक होते, अशी माझी समजूत आहे. सगळेच वेगळे असतील असं नाही.

आणि त्या टाळ्यांत अपराधीपणाही होता. जिवंतपणी जिला वेड्यात काढलं तिला मेल्यावर टाळ्या देणं सोपं. ती आता पुन्हा तोंड उघडणार नसते. आपलं उलट. आपण लताबाईंना हयातीतच देव्हाऱ्यात बसवलं, आणि देवाला प्रश्न विचारत नाहीत. पेडर रोडच्या उड्डाणपुलाला त्यांनी विरोध केला, गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडल्या, त्यावरून रफींबरोबर काही वर्षं गायल्या नाहीत, पार्श्वगायनाला पुरस्कार नाही तर तुमच्या सोहळ्यात गाणार नाही असं फिल्मफेअरला सांगितलं आणि १९५९ ला तो पुरस्कार सुरू झाल्यावर पहिला त्यांनाच मिळाला. ही बाई किती कडक, हिशेबी, लढाऊ होती! श्रद्धांजलीच्या लेखांमधून हे सगळं गाळून पांढरी साडी आणि स्वर्गीय आवाज तेवढा उरला होता. वडील १९४२ ला गेल्यावर तेराव्या वर्षी घर ओढायला लागलेल्या मुलीच्या वाट्याला शेवटी साडीचा काठ यावा?

आयरिश लोकांकडून मी शिकले असेन तर ते प्रेताजवळ कसं बसायचं हे. शेजारचे आजोबा गेले तेव्हा शवपेटी पुढच्या खोलीत उघडी ठेवली होती आणि आत स्वयंपाकघरात हॅम सँडविच, केक, चहाच्या किटल्या. येणारा प्रत्येक जण घरच्यांचा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचा, वाक्य ठरलेलं. आपल्याकडे भेटायला गेलं की चहा घ्यायचा नाही आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही, त्या संस्कारात वाढलेली मी कप हातात धरून खांबासारखी उभी. मुलगा सांगत होता, बाबा पत्त्यांत सर्रास फसवायचा. सगळे हसले, बायकोही. दुसऱ्याने भर घातली. मग जपमाळ सुरू झाली. मेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलले आणि त्याच तोंडाने प्रार्थना केली, त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्ही कट्ट्यावर काय करतो?" खरंच. लताबाई गेल्या त्या आठवड्यात कट्ट्यावर उड्डाणपूल निघाला होता, रफी निघाले होते, माझ्या मैत्रिणीचा प्रश्नही निघाला होता, आणि मधेच एका निवृत्त बँकवाल्या काकांनी 'मोगरा फुलला' म्हणायला घेतल्यावर बाकीचे गप्प बसले होते. कुणी कट्टा सोडून गेलं नाही. समोरासमोर बसलेल्या माणसाला 'मूर्खपणा' म्हणायला जीभ जरा जड होते, एवढाच फरक असावा. मोबाइलवर मी ते काकांना चार सेकंदांत म्हणाले.

मैत्रिणीला मी यंदा उत्तर लिहिलं. म्हटलं, त्या दिवशी विचारलंस तेच बरोबर होतं, मी चुकले. तिने अंगठा पाठवला. तिच्या आजोबांच्या ढोलकीचं एक जुनं रेकॉर्डिंगही पाठवलं, खरखर फार आहे, पण ठेका कळतो.

काका गेल्या वर्षी इकडे आले होते. त्यांना ब्रेला नेलं, शिनेडचं घर दाखवलं. सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली, पोपच्या फोटोची, टाळ्यांची, इमामांची. मग मी दर्ग्याची गोष्ट काढली. "आई न्यायची तुला, माहितीये मला," काका म्हणाले. "मलाही न्यायची." थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. वारा एवढा होता की आम्हाला एकमेकांचं नीट ऐकू येत नव्हतं.

"पण तो व्हिडिओ," काका म्हणाले, "त्यात नीट दिसत नाही गं."