नव्वद होत नाहीत

अकरावीला आमच्या वाट्याला आलेल्या सात नंबरच्या वजनपेटीत २० मिलिग्रॅमचं वजन एकच होतं. असायला हवी होती दोन.

वजनपेटी ज्याने कुणी योजली, त्याने फार डोकं लावलेलं आहे. ५, २, २, १ एवढ्या चार वजनांत एकपासून दहापर्यंतचा कुठलाही आकडा बसतो. हीच चौकडी मिलिग्रॅममध्ये ५०, २०, २०, १० होऊन येते, मग ५००, २००, २००, १००, आणि पुढे ग्रॅममध्येही तीच. पण चौकडीतला एक गडी गेला की डाव मोडतो.

"काका, दुसरं वीस?" मी लॅबच्या काकांना विचारलं.

"ते शिंकेत गेलं."

कुणाच्या, कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. पण खोटं नसावं. मिलिग्रॅमची वजनं म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे इवलेसे तुकडे, चिमट्यात धरता यावं म्हणून एक कोपरा दुमडलेला. बोटाने उचलायचे नाहीत, कारण बोटाचा घाम लागला तर त्याचंही वजन चढतं. शिंक सोडा, कुणी मोठ्याने उसासा टाकला तरी ते तुकडे जागा बदलत. आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये उसाशांना काय तोटा!

माझा पार्टनर सराफाचा मुलगा. त्याला हे हरवणं भलतंच मनाला लागलं. "वीस मिलिग्रॅम म्हणजे गुंजेचा सहावा हिस्सा," तो म्हणाला. "आमच्याकडे एवढं सोनं खाली पडलं तर बाबा कुणाला जागचं हलू देत नाहीत. दुकानातला केर झारेकरी पैसे मोजून नेतात, तो काय उगाच?" काकांनी शांतपणे कोपऱ्यातला झाडू दाखवला. आम्ही टेबलाखालची अख्खी रांग झाडली. सापडल्या दोन स्टेपलच्या पिना, लॉग टेबलचं एक पान आणि एक शेंगदाणा.

दिलेल्या पितळी नळकांड्याची घनता काढणे, असा प्रयोग होता. व्हर्नियर कॅलिपरने व्यास आणि लांबी मोजायची, त्यावरून आकारमान, तराजूवर वस्तुमान, मग भागाकार. व्यास आला १.९२ सेंटीमीटर, लांबी २.९६. लॉग टेबलात खाली-वर करून आकारमान निघालं ८.५७ घन सेंटीमीटर. इथवर सगळं ठीक होतं.

मग तराजू. हा म्हणजे वाण्याच्या तराजूचा शहरात शिकून आलेला भाऊ. काचेच्या कपाटात राहतो, कुणाचा स्पर्श चालत नाही. आत ओळंबा लोंबतो. तो खालच्या टोकावर बरोब्बर येईपर्यंत पायांचे स्क्रू पिळत बसायचं. दांडी ॲगेट नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर तोललेली, आणि त्या धारेला धक्का सोसत नाही. म्हणून वजन ठेवायचं तर आधी मूठ फिरवून दांडी खाली बसवायची, मग दार उघडायचं, चिमट्याने वजन ठेवायचं, दार लावायचं, मूठ उलटी फिरवायची आणि काट्याकडे बघत बसायचं. वजन कमी पडलं तर हे सगळं पुन्हा. जास्त झालं तरी पुन्हा. वारा नको म्हणून पंखा बंद. गरम वस्तू ठेवायची नाही, कारण तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि पारडं नाचवते. आम्ही दोघं फेब्रुवारीच्या दुपारी त्या कपाटाला नाक लावून बसलेलो. आमच्याभोवतीच्या हवेचं काय, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्यात काटा दांडीच्या पोटातून खाली लोंबणारा, त्यामुळे जे पारडं हलकं त्याच बाजूला तो जातो. हे लक्षात येईपर्यंत आमचा अर्धा तास गेला. तोवर आम्ही वजन वाढवायचं तिथे काढत होतो आणि काढायचं तिथे वाढवत होतो.

बाकीची बॅच एव्हाना खाली वडापाव खात होती. त्यांची पद्धत पिढीजात होती: पितळेची घनता ८.४ च्या आसपास असते हे सगळ्यांना ठाऊक, तिला आकारमानाने गुणायचं आणि येईल ते वस्तुमान लिहून टाकायचं. संशय नको म्हणून शेवटचा आकडा जरा इकडेतिकडे करायचा. तराजूच्या कपाटाचं दार उघडायचीही गरज नाही. उत्तरावरून रीडिंग काढणे ही आमच्या कॉलेजातली एकमेव शंभर टक्के यशस्वी प्रायोगिक पद्धत होती.

आम्ही मात्र खरोखर मोजत होतो. हे माझ्या शैक्षणिक आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. उजव्या पारड्यात ७१ ग्रॅम ९८० मिलिग्रॅम ठेवले की काटा उजवीकडे जायचा. ७२ ग्रॅम ठेवले की डावीकडे. म्हणजे उत्तर मध्ये कुठेतरी. मध्ये होतं ७१.९९, आणि त्यासाठी हवे होते शेवटचे नव्वद मिलिग्रॅम. पन्नास, वीस आणि दहा मिळून होतात ऐंशी. उरलेले शिंकेत गेलेले.

मी ७१.९९ लिहिलं. घनता आली ८.४०.

परीक्षेला जे सर होते त्यांची निम्मी नोकरी त्याच लॅबमध्ये गेली होती. त्यांनी जर्नल पाहिलं आणि चष्मा वर ढकलला.

"पेटी कुठली?"

"सात नंबरची, सर."

"सात नंबरच्या पेटीत नव्वद होत नाहीत."

मी गप्प.

"पन्नास, वीस, दहा. वरचे दहा कुठून आणलेस? घरून?"

"सर, ७१.९८ ला काटा उजवीकडे जात होता आणि ७२ ला डावीकडे. म्हणून मधलं धरलं."

"धरलं? मोजायला सांगितलं होतं ना? आणि घनता बरोब्बर ८.४०! पुस्तकातून उतरवताना निदान ८.३७ तरी लिहायचं."

अख्ख्या बॅचमधलं एकुलतं एक प्रामाणिक रीडिंग असं रंगेहाथ पकडलं गेलं. मग तोंडी परीक्षा. "हा तराजू वस्तुमान मोजतो की वजन? चंद्रावर नेला तर?" मी म्हणालो, रीडिंग तेच येईल, दोन्ही पारडी सारखीच हलकी होतील, ताणकाटा मात्र सहावा हिस्सा दाखवेल. इथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, "शिवाय तिथे हवाच नाही सर, पंखा बंद करावा लागणार नाही." सर हसले नाहीत. दहापैकी चार.

पुढे वाचनात आलं की पॅरिसजवळ सेव्रला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणून ठेवलेला होता, एकात एक घातलेल्या काचेच्या हंड्यांखाली, तळघरात, तीन किल्ल्यांच्या बंदोबस्तात. त्याचं ५७ नंबरचं भावंड आपल्या दिल्लीला. शंभर वर्षांत या भावंडांचा आपसातला मेळ सुमारे ५० मायक्रोग्रॅमने चुकला, तर जगभरच्या शास्त्रज्ञांची झोप उडाली आणि २०१९ मध्ये त्यांनी ठोकळाच निवृत्त करून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर, बसवला. आमच्या पेटीतली चूक याच्या चारशे पट होती, आणि आमच्या काकांकडे किल्ली एकच होती, तीही विजारीच्या नाडीला.

हे सगळं मी विसरलो होतो. परवा भाजी आणायला गेलो. घरून निरोप होता, ठेच्याला मिरच्या, दीडशे ग्रॅम. मावशींनी एका पारड्यात दोनशेचं वजन टाकलं. दुसऱ्यात मिरच्या टाकल्या आणि मिरच्यांच्या शेजारी पन्नासचं वजन ठेवलं.

"मावशी, वजन मिरच्यांच्या पारड्यात?"

"शंभराचं वजन नातवानं कुठं टाकलंय. म्हणून इकडं दोनशे, तिकडं पन्नास. दीडशेच झाले की!"

उजवीकडे ७२ ग्रॅम. डावीकडे नळकांडं आणि त्याच्या शेजारी दहा मिलिग्रॅम.

मी तिथेच उभा. मागे रांग लागलेली.

"कोथिंबीर देऊ का दादा," मावशी म्हणाल्या, "का नुसतं तराजूकडंच बघायचंय?"