टांगाईलच्या छत्रीउडीबाबत खुलासा
बांगलादेश मुक्तियुद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याजवळच्या टांगाईलला ५,००० भारतीय छत्रीधारी (पॅराशूटने उडी घेणारे) जवान उतरले, असा मजकूर छायाचित्रासह फिरत आहे. हा आकडा खरा नाही. लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवण्यासाठी उतरली ती मराठा परंपरेची २ पॅरा ही एकच पलटण आणि साथीच्या तुकड्या, म्हणजे हजाराहून कमी जवान. ५,००० हा आकडा तेव्हाच्या परदेशी बातम्यांतला असून छायाचित्र आग्र्याच्या जुन्या सरावाचे आहे, हे सैन्याच्या तत्कालीन जनसंपर्क अधिकाऱ्यांनीच पुढे सांगितले. तळ्यांत पडलेले सामान 'जय बांगला' म्हणत गावकऱ्यांनी काढून दिले, ही जवानांची आठवण मात्र खरी आहे, आणि त्यांच्या पराक्रमाला वाढीव आकड्याची गरजच नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नये; पाठवला असल्यास तिथेच हा खुलासाही द्यावा.