काट्यावर वजन झाले, मग वासराच्या पुठ्ठ्याचा भाव वेगळा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतील वासरांच्या लिलावांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. वासराचे वजन काट्यावर झालेले असताना पुठ्ठा (कमरेमागचा भाग) आणि मांडी पाहून भाव कमी-जास्त करणे ही व्यापाऱ्याची हातचलाखी आहे, हा पहिला. काळ्या कातडीला चढा भाव आणि वशिंडाची खूण दिसणाऱ्या वासराला उतरता भाव हा निव्वळ पूर्वग्रह असून मी त्याला शास्त्राचा मुलामा दिला आहे, हा दुसरा. मांसल वासरांची स्तुती वाचून लहान पशुपालक भारदस्त वळूंच्या मागे लागतील आणि त्यांच्या गाई विताना अडतील, हा तिसरा. पहिल्या आक्षेपाशी मी सहमत नाही. दुसऱ्यात आपले बरेचसे बरोबर आहे आणि माझी एक चूकही आपण पकडली आहे. तिसऱ्या धोक्याबद्दल मी मूळ लेखातच लिहायला हवे होते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी लिलावाच्या रिंगणात नेमके काय विकले जाते ते पाहू. तेथे येणारे वासरू लगेच कत्तलखान्यात जात नाही. ते आईपासून नुकतेच तोडलेले, सहा ते नऊ महिन्यांचे आणि बहुधा ४०० ते ६०० पौंड वजनाचे असते. विकत घेणारा ते काही महिने कुरणावर वाढवतो किंवा सरळ फीडलॉटमध्ये, म्हणजे दाणा-वैरणीवर जनावरे पुष्ट करण्याच्या मोठ्या गोठ्यांमध्ये, पाठवतो. तेथून ते १,२०० ते १,४०० पौंडांचे होऊन बाहेर पडते. म्हणजे आज काट्यावर जेवढे वजन आहे त्याहून अधिक वजन अजून यायचे आहे, आणि बोली लावणारा पैसे मोजतो ते मुख्यतः त्या न आलेल्या वजनाच्या अंदाजावर. भाव निव्वळ वजनाचा असता तर प्रत्येक पौंडाला सारखाच दर मिळाला असता. प्रत्यक्षात तसे होत नाही. एरवी सर्व बाबतींत सारखी असलेली दोन वासरे घेतली, तर सामान्यतः जड वासराला एकूण रक्कम जास्त मिळते, पण पौंडामागचा दर मात्र कमी मिळतो. काटा हिशेबाचा पाया पुरवतो, पण दर त्यावरून ठरत नाही.

आता त्या अंदाजात स्नायूंचे काय काम, ते एका साध्या हिशेबाने पाहू. जिवंत जनावराच्या वजनातून कातडी, डोके, पाय, आतडी आणि पोटातला चारा वजा जाता जे धड उरते, त्याचे प्रमाण चांगल्या मांसल जातींत साधारणतः ६२ ते ६४ टक्के पडते, तर होल्स्टीनसारख्या दुधाळ जातीत ते ५८ ते ६० टक्क्यांच्या आसपास राहते. समजा, १,३०० पौंडांची दोन जनावरे आहेत, एकाचे धड ६३ टक्के निघाले आणि दुसऱ्याचे ६० टक्के. पहिल्याचे ८१९ पौंड होतात, दुसऱ्याचे ७८०. काटा दोघांनाही सारखेच म्हणाला होता, तरी ३९ पौंडांचा फरक पडला. हाडाच्या मानाने मांस किती, हा फरक त्यापुढचा, आणि स्नायूंची जाडी त्याबद्दलही सांगते. हा सगळा फरक वासरू ५०० पौंडांचे असतानाच ओळखायचा असतो, कारण पैसे त्या दिवशी द्यायचे असतात. याला आपण हातचलाखी म्हणता. माझ्या मते ती जोखीम आहे, आणि ज्याला ती पारखता येत नाही त्याला ती महागात पडते.

‘डोळ्यांनी फक्त लठ्ठपणा दिसतो, स्नायू दिसत नाहीत’ असेही आपण लिहिले आहे. या एका वाक्यासाठी मी जरा अधिक जागा घेतो, कारण सगळा विषय येथेच आहे. एका लिलावात लागोपाठ रिंगणात आलेले दोन गोऱ्हे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोघेही खच्ची केलेले, दोघेही तांबडे आणि पांढऱ्या तोंडाचे, आणि वजनात जेमतेम पाच-दहा पौंडांचा फरक. पहिला बाजूने पाहता फार देखणा होता. पोटाची रेघ सरळ, छातीचा पुढचा भाग भरून लोंबलेला, पाठ टेबलासारखी सपाट, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मऊ गाद्या. तो वळला आणि मागून दिसला तेव्हा कळले की त्याची सर्वांत जास्त रुंदी वर, कमरेपाशी होती, आणि तेथून खाली मांड्या आत-आत जात निमुळत्या झाल्या होत्या. चालताना त्याचे मागचे पाय एकमेकांना घासत होते. ती रुंदी चरबीची होती. दुसरा बाजूने साधाच दिसत होता, किंचित वाळकाही. पण मागून पाहिले तर त्याची रुंदी वर नव्हती, खाली मांडीच्या मध्यावर होती. पाठ सपाट नव्हती, कण्याच्या दोन्ही बाजूंनी गोलसर उचललेली होती. पुढच्या पायाचा वरचा भाग जाड होता, आणि उभा राहिला की पायांत चांगले अंतर राहत होते. दोघांची मिळून बोली एका मिनिटाच्या आत संपली, आणि पौंडामागे जास्त दर दुसऱ्याला मिळाला.

चरबी प्रथम छातीवर, बरगड्यांवर, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी साठते. पुढच्या पायाच्या वरच्या भागावर आणि मागच्या मांडीच्या मध्यावर ती फारशी साठत नाही, म्हणून जाणता माणूस तेथे पाहतो. आधीच चरबी चढलेल्या वासराला फीडलॉटवाला नाखूष असतो, कारण ती चरबी दुसऱ्याच्या दाण्यावर चढलेली असते आणि तिचे पैसे मात्र याला द्यावे लागतात. उलट, हाडापेराने चांगले, स्नायूंनी भरलेले पण अंगाने थोडे उतरलेले वासरू त्याला हवेच असते.

हे केवळ व्यापाऱ्यांचे आडाखे नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याची अशा वासरांसाठी अधिकृत प्रतवारी आहे आणि तिची सध्याची रूपरेषा २००० सालापासून लागू आहे. तीत सांगाड्याचे तीन आकार आणि स्नायूंच्या जाडीच्या चार पायऱ्या (पहिली सर्वांत भरदार) आहेत. सांगाड्यावरून जनावर किती वजनाला तयार होईल याचा अंदाज येतो. मोठ्या सांगाड्याचा खच्ची गोऱ्हा १,२५० पौंडांच्या पुढे, मध्यम १,१०० ते १,२५० च्या दरम्यान आणि लहान त्याआधीच कत्तलीला योग्य तेवढी चरबी धरतो. जाडीवरून त्या वजनात मांसाचा वाटा किती असेल हे कळते. जाडी ठरवताना चरबीचा परिणाम बाजूला ठेवायचा, हे त्या नियमांना अभिप्रेतच आहे.

माझी चूक येथेच झाली आहे. ‘प्रतवारी करणारा जात पाहतच नाही’ असे मी मूळ लेखात लिहिले होते, आणि ते बरोबर नाही. पहिल्या पायरीच्या वर्णनातच मांसल जातींचा प्रभाव प्रामुख्याने दिसावा असे म्हटले आहे, आणि दुसऱ्या पायरीत दुधाळ रक्ताची किंचित छटा चालते. म्हणजे जात मागच्या दाराने नव्हे, पुढच्याच दाराने प्रतवारीत येते. मूळ लेखातले ते वाक्य मी दुरुस्त करीत आहे.

आता रंग आणि वशिंड. काळ्या वासराला भाव का, याचे मूळ बऱ्याच अंशी एका ब्रँडमध्ये आहे. अँगस या काळ्या मांसल जातीच्या नावाचा ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ हा ब्रँड १९७८ साली सुरू झाला. त्यात मांस जाण्यासाठी जनावराची कातडी मुख्यतः काळी असावी लागते. त्यानंतर धडावर वेगळ्या कसोट्या लागतात. मांसात चरबीची नक्षी, म्हणजे मार्बलिंग, ठरावीक प्रमाणात हवी, दुधाळ जातींचा प्रभाव टाळण्यासाठी स्नायू भरदार हवेत, आणि मानेवरचे वशिंड दोन इंचांपेक्षा उंच नको. हे नियम कत्तलखान्याच्या टोकाचे आहेत, पण त्यांची सावली थेट वासरांच्या रिंगणापर्यंत पडते. काळे वासरू घेणाऱ्याला ठाऊक असते की पुढे एक दार उघडे आहे, आणि उंच वशिंडाचे घेणाऱ्याला ठाऊक असते की तेच दार बंद आहे.

तरीही रंग म्हणजे जात नव्हे, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. काळा रंग प्रभावी असतो, म्हणून एकाच बाजूने अँगस असलेले वासरूही काळे होते. सिमेंटल आणि लिमुझिन या मूळच्या पिवळसर-तांबड्या जातींतही आता काळ्या कातडीची कुळे आहेत. म्हणून काळा रंग हा फार तर पुसट पुरावा आहे, आणि अंगावर स्नायू नसलेले काळे वासरू केवळ रंगावर चढ्या भावाने घेणारा माझ्या मते चूक करतो. मला येथे एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे: जात हा न दिसणाऱ्या गुणांबद्दलचा तर्क आहे, स्नायू मात्र समोर दिसतात. वासराची आई कोण, बाप कोण, त्याच्या भावंडांची धडे कशी निघाली, हे ज्या विक्रीत सांगितले जात नाही तेथे घेणारा कातडी आणि कान पाहून रिकाम्या जागा भरतो. माहिती जितकी कमी, तितका रंगाला भाव जास्त.

वशिंडाच्या बाबतीत मात्र निव्वळ पूर्वग्रह म्हणून सुटका होत नाही, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही. अमेरिकन ब्राह्मण ही जात आपल्याकडच्या गुरांपासून घडली. कांकरेज, गीर आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णा खोऱ्यातील गुरांचे रक्तही तिच्यात आहे. अमेरिकेत या जातीच्या पैदासकारांची संघटना १९२४ सालापासून आहे. पण वशिंडाच्या गुरांच्या मांसात कॅल्पास्टॅटिन हे द्रव्य अधिक क्रियाशील असते. कत्तलीनंतर मांस मऊ करणाऱ्या विकरांना ते रोखते, त्यामुळे या रक्ताचे प्रमाण वाढत गेले की सरासरीने मांस चिवट होत जाते. मार्बलिंगही सरासरीने कमी भरते. लांब लोंबते कान आणि गळ्याची मोठी पोळी पाहून घेणारा दर उतरवतो त्यामागे हे खरे कारण आहे. अन्याय होतो तो एका विशिष्ट वासरावर: ज्याच्यात हे रक्त फक्त अष्टमांश आहे पण कान तेवढे लांब आले आहेत, किंवा ज्याच्या मांड्या पहिल्या पायरीच्या आहेत पण मानेवरच्या उंचवट्यामुळे त्या कोणी पाहत नाही. आपला राग या वासरासाठी असेल, तर मी आपल्याबरोबर आहे.

शिंगे, आजारपणाची खूण, लस टोचली आहे की नाही, वासरू एकटे विकले की सारख्या वासरांच्या गटात, या गोष्टींनीही दर हलतो. त्यांवर आपण आक्षेप घेतला नाही, म्हणून मी येथे थांबत नाही.

तिसरा आक्षेप. स्नायू जितके जास्त तितके चांगले, असे मला म्हणायचे नव्हते, आणि बाजारही तसे म्हणत नाही. बेल्जियन ब्लू आणि पीडमाँटीज जातींत मायोस्टॅटिन या जनुकातील बिघाडामुळे दुहेरी स्नायू येतात. हे जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालते, आणि गुरांमधील त्याचा बिघाड १९९७ साली उघड झाला. बेल्जियन ब्लूमध्ये गाईचे पोट फाडून वासरू काढणे ही नेहमीची बाब झाली आहे. आणि ज्या अमेरिकी प्रतवारीबद्दल मी वर लिहिले, तिच्यात असे दुहेरी स्नायूंचे वासरू पहिल्या पायरीच्या वर नव्हे, तर सरळ ‘निकृष्ट’ या वर्गात जाते, कारण त्याच्या मांसात मार्बलिंग भरत नाही. मांडी भरलेली हवी, फुटलेली नको.

ब्राह्मण रक्ताच्या गाई असलेल्या पशुपालकाने काय करावे, हे आपण शेवटी विचारले आहे. त्या गाई काढून टाकू नयेत. उष्ण व दमट भागात त्या टिकतात, गोचिडांना पुरून उरतात, जास्त वर्षे वितात, आणि संकरित जोमामुळे त्यांची वासरे आईपासून तोडताना वजनाला चांगली भरतात. हा फायदा दरातील घट बऱ्याचदा भरून काढतो. त्यांच्यावर अँगस, हिअरफोर्ड किंवा शारोले जातीचा, मध्यम सांगाड्याचा आणि स्नायूंनी चांगला वळू वापरला, तर विक्रीच्या वासरातील ब्राह्मण रक्त आईच्या निम्म्यावर येते, कान आखूड होतात आणि मांडी भरते. आपण ज्या अडचणीची भीती व्यक्त केली ती या गाईंत कमी असते, कारण वशिंडाच्या गाईच्या पोटात वासरू जन्मतः लहान राहते. तोच वळू युरोपीय जातीच्या पहिलारू कालवडींवर मात्र सोडू नये. त्यांच्यासाठी कमी जन्मवजनाची वासरे देणारा वळू वेगळा ठेवावा, आणि त्या एका वेतापुरता भाव थोडा कमी आला तरी चालवून घ्यावा.