संकेतस्थळ लहान असले तरी वाचकाचा संगणक आपल्या भरवशावर असतो

सप्रेम नमस्कार.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी स्वतःचा आणि वाचकांचा संगणक व्हायरसपासून कसा जपावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर हरकत नोंदवलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकांची यादी आणि कार्यक्रमांच्या सूचना एवढेच असते, पैशांचा व्यवहार नसतो, म्हणून त्यात कोणाला रस असण्याचे कारण नाही, सर्व्हरची सुरक्षा होस्टिंग कंपनीने (संकेतस्थळाच्या फाइलींसाठी सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने) पाहावी, वाचकाने आपल्या संगणकावर अँटिव्हायरस ठेवावा, आणि अशा लेखांमुळे लहान संस्था विनाकारण घाबरतात. यांपैकी शेवटच्या मुद्द्यामागची कळकळ मला मान्य आहे, परंतु बाकीचे मुद्दे मला पटत नाहीत.

होस्टिंग कंपनीपासून सुरुवात करतो, कारण गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. २००९ मध्ये गम्बलर नावाच्या व्हायरसने हजारो संकेतस्थळे बाधित केली. बाधित पान उघडताच त्यात दडवलेली स्क्रिप्ट (पानासोबत आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) ॲडोबी रीडर किंवा फ्लॅशच्या जुन्या आवृत्तीतील त्रुटीतून वाचकाच्या संगणकात शिरत असे, आणि तो वाचक स्वतःही एखादे संकेतस्थळ चालवत असेल, तर फाइली चढवण्यासाठी लागणारा त्याचा एफटीपी पासवर्ड चोरून नेत असे. मग त्याच पासवर्डाने आत जाऊन त्याच्या पानांतही ती स्क्रिप्ट घातली जाई आणि साखळी पुढे चालू राही. एफटीपीमध्ये पासवर्ड उघड्या मजकुरात, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता येईल असा, जातो. शिवाय फाइलझिलासारखा लोकप्रिय प्रोग्रामही त्या काळी जतन केलेले पासवर्ड साध्या फाइलीत जसेच्या तसे ठेवत असे. जपानमध्ये हा व्हायरस ‘गेनो’ या नावानेही ओळखला गेला, कारण तेथील गेनो नावाच्या संगणकविक्री दुकानाचे संकेतस्थळ बाधित झाले होते. या साऱ्यात सर्व्हरची सुरक्षा कोणी भेदलेली नव्हती. योग्य पासवर्ड देऊन आत आलेला माणूस मालक आहे की चोर, हे होस्टिंग कंपनीने कशावरून ओळखावे?

आज पासवर्ड चोरण्याची जागा बदलली आहे, रीत तीच आहे. रेडलाइनसारखे प्रोग्राम ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी नावाच्या छोट्या नोंदी उचलून नेतात. कुकीच हाती लागली की पुष्कळदा ओटीपीसुद्धा विचारला जात नाही, म्हणून काम संपल्यावर लॉगआउट करण्याचा आग्रह मी लेखात धरला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या साहाय्याने रेडलाइनची यंत्रणा मोडून काढली, तरी त्याच जातीचे दुसरे प्रोग्राम फिरतच आहेत, आणि क्रॅक केलेले, म्हणजे पैसे न देता चालावे म्हणून कुलूप तोडलेले, सॉफ्टवेअर हा त्यांचा एक नेहमीचा मार्ग आहे. आपल्याकडील लहान संस्थांच्या कार्यालयात बहुधा एकच संगणक असतो. त्यावरच हँडबिले आणि निमंत्रणपत्रिका तयार होतात, त्यासाठी कोणीतरी पेनड्राइव्हवरून आणून टाकलेले डीटीपीचे सॉफ्टवेअर असते, आणि संस्थेचे संकेतस्थळही त्यावरूनच चालते. या संगणकाचा पहारा कोणतीही होस्टिंग कंपनी करू शकत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

‘आमच्यात कोणाला रस असणार’ हा आपला प्रश्न स्वाभाविक आहे, पण हल्ला करणारे प्रोग्राम संकेतस्थळ कोणाचे आहे हे पाहत नाहीत. एकामागून एक पत्ते घेऊन ते फक्त त्रुटी आहे का एवढेच तपासतात. सप्टेंबर २०२० मध्ये संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीच्या ‘फाइल मॅनेजर’ या सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील प्लगिनमध्ये (वरून जोडायच्या प्रोग्राममध्ये) अशी त्रुटी सापडली की, कोणताही पासवर्ड न देता कोणालाही सर्व्हरवर आपली फाइल चढवता येत होती. इमोटेट हा कुप्रसिद्ध व्हायरस, जानेवारी २०२१ मध्ये त्याची यंत्रणा ताब्यात घेतली जाईपर्यंत, आपल्या फाइली अशाच हॅक केलेल्या साध्यासुध्या वर्डप्रेस संकेतस्थळांवर ठेवत आला. चोरांना आपली पुस्तकांची यादी नको आहे. त्यांना आपल्या जागेचा आणि आपल्या नावाचा उपयोग आहे.

माझ्या परिचयातील एका सांस्कृतिक संस्थेचे उदाहरण सांगतो. संकेतस्थळ उघडले की मोबाइलवर जुगाराचे पान येते, अशी तक्रार सभासद करत होते आणि कार्यालयात पाहावे तर सारे ठणठणीत दिसत होते, म्हणून दोष सभासदांच्या फोनवर ढकलला जात होता. प्रत्यक्षात आत घातलेला कोड मोबाइलवरून आणि गूगलच्या शोधातून येणाऱ्यांनाच तिकडे पाठवत होता, लॉगिन केलेल्या चालकाला मात्र ताकास तूर लागू देत नव्हता. थीमच्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचाच्या) ‘फंक्शन्स’ फाइलीतील पहिली ओळ वरवर कोरी दिसत होती. कर्सर उजवीकडे नेत गेल्यावर, शेकडो रिकाम्या जागांच्या पलीकडे, अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ सापडली. दुसरी घातक फाइल संमेलनाच्या छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये होती. तेथे पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची फाइल, असण्याचे काहीच कारण नसते. मूळ शोधले तेव्हा फुकटात मिळवलेली सशुल्क थीम निघाली. अशा थीममधून पसरणारा ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ नावाचा व्हायरस तर कित्येक वर्षे धुमाकूळ घालत होता.

हा प्रकार अपवादात्मक नाही. जून २०२४ मध्ये ‘पॉलीफिल’ ही एक लाखाहून अधिक संकेतस्थळांनी बाहेरून जोडलेली स्क्रिप्ट मोबाइल वाचकांना सट्टेबाजीच्या पानांवर नेऊ लागली. ती स्क्रिप्ट ज्या डोमेनवरून (पत्त्यावरून) येई, त्याची मालकी काही महिन्यांपूर्वीच बदलली होती, आणि त्या स्क्रिप्टमधील कोडही चालकाची चाहूल लागताच गप्प बसत असे. म्हणून संकेतस्थळ अधूनमधून लॉगिन न करता, मोबाइल डेटावर, गूगलमध्ये शोधून उघडून पाहणे ही अगदी कामाची सवय आहे. वाचकाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष तर कधीच करू नये.

वाचकाच्या अँटिव्हायरसविषयी थोडेच लिहितो. हॅक केलेल्या संकेतस्थळांवर आता ‘आपला ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा’ असा खोटा फलक दाखवतात, किंवा ‘आपण मानव आहात हे सिद्ध करा’ असे सांगून विंडोज आणि आर ही बटणे दाबून काहीतरी पेस्ट करायला लावतात. येथे वाचक स्वतःच्या हाताने दार उघडतो, आणि ते उघडतो आपल्या वाचनालयाच्या नावावर विश्वास ठेवून. अँटिव्हायरस अवश्य असावा, परंतु त्या विश्वासाचे उत्तरदायित्व वाचकावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

आता भीतीचा आणि खर्चाचा मुद्दा. महागडी सुरक्षा सेवा लहान संस्थेने घेतलीच पाहिजे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. संकेतस्थळाच्या कामासाठी संगणकावर वेगळे खाते ठेवणे, त्या संगणकावरून क्रॅक सॉफ्टवेअर काढून टाकणे, न वापरलेली प्लगिने केवळ बंद न करता पुसणे, एफटीपीऐवजी पासवर्ड झाकून पाठवणारे एसएफटीपी वापरणे आणि दोन टप्प्यांचे लॉगिन चालू करणे, यांना पैसे लागत नाहीत. एक बॅकअप मात्र सर्व्हरबाहेर आणि जुन्या तारखेचा ठेवावा. होस्टिंगकडे पुष्कळदा थोड्याच दिवसांचे बॅकअप असतात आणि बाधा त्याआधीची असेल तर तीही त्यात उतरलेली असते.

संकेतस्थळ बाधित झालेच तर आधी काय करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी संगणक स्वच्छ करावा, किंवा दुसरा खात्रीचा संगणक घ्यावा, आणि मगच होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेस आणि संस्थेचा ईमेल या सर्वांचे पासवर्ड बदलावेत. बाधित संगणकावरून बदललेला पासवर्ड लगेच पुन्हा चोराकडे जातो. त्यानंतर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलीतील गुप्त किल्ल्या (ज्यांच्या आधारे लॉगिनच्या कुकी तयार होतात ती अक्षरमाला) बदलाव्यात, म्हणजे चोरलेल्या कुकी निरुपयोगी होतील, आणि अनोळखी ॲडमिन खाती पुसावीत. वर्डप्रेस, थीम आणि प्लगिने मूळ ठिकाणाहून नव्याने घ्यावीत. गूगलने धोक्याची सूचना लावली असेल तर संकेतस्थळ चालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोल या सेवेतून फेरतपासणीची विनंती करता येते. आणि ज्या तारखांना संकेतस्थळ बाधित होते, त्या तारखा मुखपृष्ठावर स्पष्टपणे द्याव्यात, म्हणजे त्या दिवसांत तेथे येऊन गेलेल्या सभासदांना आपापले संगणक आणि फोन तपासून घेता येतील.